‘तुमच्याकडे हे नॉर्मलच आहे!’

आमच्या वस्तीत दोन बहिणी आहेत. मोठी सिकलसेलची रुग्ण. धाकटी रिपोर्टप्रमाणे ‘नॉर्मल’. गेल्या पावसाळ्यात महिन्याभराच्या आत दोघींचाही दवाखान्यात अपमान झाला आणि दोन्ही वेळा ज्या शब्दाने झाला तो शब्द एकच होता : नॉर्मल.

मोठीचे आधी सांगते. कॉलेजातून येताना ती पावसात भिजली. रात्री अकराच्या सुमारास कंबर आणि दोन्ही मांड्या दुखायला लागल्या. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे त्यांना हे दुखणे समजावून सांगायची गरज नाही. ऑटो करून तिला मोठ्या दवाखान्यात नेले. मीही सोबत होते. तरुण डॉक्टरांनी ताप पाहिला, बीपी पाहिले, बोटाला मशीन लावून ऑक्सिजन पाहिला, एक्स-रे काढला. मग तिच्या आईकडे वळून म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे. हिला इंजेक्शनची सवय लागली आहे. घरी घेऊन जा.” पोरगी बाकावर अंग आखडून रडत होती. आई मला म्हणाली, “काकू, माया पोरीले काही नाही म्हणते डॉक्टर. मंग ते रडून काहून राहिली?” पहाटे चार वाजता दुसऱ्या डॉक्टर बाई आल्या. त्यांनी जुनी फाइल उघडली, सलाइन लावले, दुखण्याचे इंजेक्शन दिले. मधले पाच तास त्या पोरीने नॉर्मल म्हणून काढले.

आता धाकटीचे. ती बारावीला आहे. दोन महिन्यांपासून जिना चढताना तिला धाप लागत होती, अभ्यासाला बसली की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिने घरी दोनदा सांगितले. आई म्हणाली, “तुले काय झालं? तू तं नॉर्मल आहेस ना!” मी त्या माउलीला दोष देत नाही. इतकी वर्षे तिने एका लेकीचा जीव हातावर सांभाळला. दुसरीबद्दल तिला कोणीतरी कागदावर लिहून दिले होते की हिची काळजी करण्याचे कारण नाही. शेवटी पोरगी कॉलेजात चक्कर येऊन पडली तेव्हा तपासणी झाली. हिमोग्लोबिन ८.६. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “या वस्त्यांमधल्या मुलींचं एवढंच असतं हो. तुमच्याकडे हे नॉर्मलच आहे.” गोळ्यांची एक पट्टी दिली. पाळीत रक्त किती जाते, जेवणात काय असते, पुन्हा कधी तपासायचे, यातले काहीही विचारले नाही की सांगितले नाही.

एकीला नॉर्मल म्हणून तिची वेदना खोटी ठरवली. दुसरीला नॉर्मल म्हणून तिचा आजार वस्तीच्या नावावर टाकून दिला. म्हणून हा प्रश्न या पानावर मांडते आहे. एखाद्याला ‘नॉर्मल’ म्हणणे हासुद्धा अपमान असू शकतो काय? माझे उत्तर आहे, हो, असू शकतो. पण हे उत्तर देण्याआधी एक कबुली द्यायला हवी. मी आयुष्यभर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. हा शब्द मी स्वतःच्या हाताने किती हजार कागदांवर लिहिला, त्याची मोजदाद नाही.

शब्द आला कुठून?

आपल्या वस्तीत गवंडीकाम आणि सुतारकाम करणारे पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्या हातातला गुण्या सर्वांनी पाहिला आहे. लॅटिन भाषेत या गुण्याला ‘नोर्मा’ म्हणत. त्यावरून ‘नॉर्मल’ शब्द आला. म्हणजे मूळ अर्थ, गुण्याला बरोबर बसणारे. भिंतीसाठी हे योग्यच आहे. माणसाला गुण्या लावायची सुरुवात मात्र गेल्या दोनशे वर्षांतली आहे. बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने १८३५ साली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना पुस्तकात मांडली. हजारो माणसांची उंची, वजन, छाती मोजायची, त्यांची सरासरी काढायची आणि तोच नमुना धरायचा. पुढे इंग्लंडच्या गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला नाव दिले आणि मग कोणाच्या वंशाने वाढावे, कोणाच्या वाढू नये, याची चर्चा सुरू झाली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मतिमंद’ ठरवलेल्या स्त्रीची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा योग्य ठरवला. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या सरकारने तसाच कायदा केला आणि त्याचे पुढे काय झाले ते जगाने पाहिले.

याहून जुनी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा कार्टराइट नावाच्या डॉक्टरने १८५१ साली एक नवा आजार जाहीर केला. मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना हा आजार असतो, असे त्याचे म्हणणे होते. आजाराला त्याने ‘ड्रेपटोमेनिया’ असे भारदस्त नाव दिले आणि उपाय म्हणून फटके सुचवले. जो मुकाट राबतो तो गुलाम नॉर्मल आणि जो स्वातंत्र्य मागतो तो आजारी! गुण्या मालकाच्या हातात असला की असे होते.

बाबासाहेबांना हे चांगले माहीत होते. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील निबंधात, जातीमुळे रक्ताची शुद्धता आणि वंशाचा दर्जा टिकतो असे सांगणाऱ्यांचा युक्तिवाद त्यांनी शास्त्राच्याच आधाराने खोडून काढला आहे. आणि १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डाच्या विधेयकात आपल्यासाठी ‘हरिजन’ शब्द आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विरोध केला. बहुमताच्या जोरावर शब्द कायम राहिला तेव्हा त्यांनी सभात्याग केला. ‘हरिजन’ ही काही शिवी नव्हती. शब्द गोड होता, वापरणाऱ्यांचा हेतूही चांगला होता असे ते म्हणत. तरीही तो अपमान होता, कारण ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारलेच नव्हते आणि त्या नावाने त्यांच्या परिस्थितीत काडीचा फरक पडत नव्हता. ‘नॉर्मल’सुद्धा असाच गोड शब्द आहे. म्हणून तो जपून तपासला पाहिजे.

रिपोर्टातला नॉर्मल

प्रयोगशाळेत ‘नॉर्मल’चे किमान तीन वेगळे अर्थ असतात. ते आपण एकच समजतो, त्यातून घोटाळा होतो.

पहिला अर्थ, निरोगी लोकांमध्ये साधारण आढळणारे प्रमाण. रिपोर्टवर आकड्याच्या बाजूला ‘पासून-पर्यंत’ असे छापलेले असते ते हेच. बहुतेक तपासण्यांत ही मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसे तपासली तरी पाच जण मर्यादेबाहेर निघणारच. बाहेर निघाला म्हणजे रोगी आणि आत बसला म्हणजे ठणठणीत, असे नाही.

दुसरा अर्थ, ‘आपल्याकडे बहुतेकांचे असेच असते’. हा अर्थ सर्वांत घातक. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. निम्म्याहून जास्त! आता सरासरीचा गुण्या लावला तर रक्तक्षय असणे हेच नॉर्मल आणि अंगात पुरेसे रक्त असणे हा अपवाद. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सरासरीवर नाही. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले, पुरुषाचे १३ च्या खाली गेले की रक्तक्षय. गरोदरपणात सर्वसाधारणपणे ११ ही मर्यादा धरतात. स्त्रीचे ८ च्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय. हा निकष सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यातल्या मुलीला जो, तोच आपल्या वस्तीतल्या मुलीला. आपल्या मुलींचे रक्त कमी असणे ही आपली जात नाही, आपला स्वभाव नाही. अपुरे जेवण, लहान वयातली लग्ने, एकामागून एक बाळंतपणे, पोटातले जंत, पाळीतला जादा रक्तस्राव आणि वेळेवर न झालेली तपासणी यांचा तो परिणाम आहे. ‘तुमच्याकडे हे नॉर्मलच’ असे म्हणणारा डॉक्टर नकळत हेच सांगत असतो की तुमच्यासाठी निकष वेगळा. वेगळा पेला, वेगळी पंगत, तसा वेगळा निकष. हे आपण ऐकून घ्यायचे नाही.

तिसरा अर्थ, त्या माणसाचे स्वतःचे नेहमीचे प्रमाण. सिकलसेलच्या रुग्णाला हा अर्थ फार महत्त्वाचा आहे. एसएस रुग्णाचे हिमोग्लोबिन बरे असतानाही अनेकदा ७ ते ९ च्या आसपास असते. तिचे नेहमीचे ८ असेल आणि आज ८ च आहे, तर घाबरून रक्त चढवण्याची घाई नको. पण नेहमीचे ८ असताना आज ५.५ आले, तर ती धोक्याची घंटा आहे. म्हणून रुग्णाच्या कागदावर नुसते नॉर्मल किंवा अॅबनॉर्मल लिहून भागत नाही. तिचे नेहमीचे किती, हे लिहिलेले हवे.

आणि वेदनेचे काय? सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून प्राणांतिक कळा येतात. या वेळी ताप नसू शकतो, बीपी ठीक असू शकते, एक्स-रे साफ येऊ शकतो. वेदना मोजणारी रक्ताची तपासणी नाही. रुग्ण सांगेल तेच प्रमाण. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नाटक’ हा निष्कर्ष अपमान तर आहेच, पण वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे. यंत्रसुद्धा सर्वांना सारखे दाखवत नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनने काळ्या रुग्णांमधला कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा दाखवलाच नाही. मशीन म्हणते नॉर्मल आणि माणूस गुदमरतो आहे! यंत्राचा आकडा पाहायचाच, पण माणसाचे ऐकणे सोडायचे नाही.

आपण आपल्याच लोकांना काय म्हणतो?

इथपर्यंत डॉक्टरांना बोल लावला. आता थोडे आपल्याकडे.

विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल बराच आहे. विहारांत तपासणी शिबिरे होतात, ही चांगली गोष्ट. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले, त्यामुळे शिबिरे आणखी वाढतील. पण अशाच एका शिबिरात मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आपलाच एक कार्यकर्ता माइकवरून सांगत होता, “नॉर्मलवाले इकडे या, बाकीचे तिकडे बसा.” बाकीचे! तथागतांच्या मूर्तीसमोर, बाबासाहेबांच्या फोटोखाली, आपल्याच माणसांच्या दोन रांगा. ‘तिकडे बसा’ हे शब्द आपल्या आजा-पणज्यांनी जन्मभर ऐकले. तो कार्यकर्ता वाईट नव्हता, दिवसभर उपाशीपोटी राबत होता. त्याच्या लक्षातच आले नाही. त्या ‘बाकीच्यां’मध्ये बहुतेक जण एएस, म्हणजे वाहक होते. वाहक हा रोगी नसतो. तो रोजचे आयुष्य इतरांसारखेच जगतो, कष्ट करतो, शिकतो. त्याला ‘अर्धा सिकलवाला’ म्हणणे चूक आहे.

यातूनच लग्नाच्या बाजारात नवी अस्पृश्यता शिरते आहे. “पोरगी नॉर्मल आहे ना?” हा प्रश्न हल्ली उघड विचारतात आणि मुलाकडे मात्र कोणी रिपोर्ट मागत नाही. आपण पत्रिका जुळवणे सोडले, ते योग्यच केले. आता रक्ताची तपासणी जुळवायची, तर ती दोघांची. हिशोब सोपा आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि एए होण्याची २५ टक्के. एक वाहक आणि दुसरा एए असेल तर एसएस मूल होत नाही. म्हणजे वाहक मुलीचे लग्न अडण्याचे काहीही कारण नाही. दोघांचा रिपोर्ट आधी कळला की निर्णय शहाणपणाने घेता येतो. एक खबरदारी ध्यानात ठेवा. शिबिरातली सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त पहिली चाळणी आहे. वाहक कोण आणि रुग्ण कोण, थॅलेसेमियाचा अंश आहे का, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनेच कळते.

घरातल्या बाळंतपणाचेही तसेच. “नॉर्मल झाली की सिझर?” असे आपण सहज विचारतो. जिचे सिझर झाले तिला वाटते आपण कुठेतरी कमी पडलो. अडलेल्या बाळंतपणात आई आणि बाळ दोघांचा जीव त्या शस्त्रक्रियेने वाचलेला असतो. ‘साधे बाळंतपण’ म्हणा, ‘सिझरने बाळंतपण’ म्हणा. दोन्हीकडे आईच आहे.

आणि ज्या घरात एक मूल अपंग किंवा आजारी आहे, तिथे दुसऱ्या मुलाला ‘आमचा हा नॉर्मल आहे’ अशी ओळख करून देतात. एका वाक्यात दोघे दुखावतात. पहिल्याला कळते, मी नापास. दुसऱ्याला कळते, मला आजारी पडायची, रडायची, चुकायची परवानगी नाही. धाकटीने मला नंतर जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “काकू, ताईले दुखते तं सारे धावते. मले चक्कर आली तं मलेच लाज वाटली. मी नॉर्मल आहो ना!” नॉर्मल ठरवलेल्या माणसाचाही या शब्दाने अपमान होतो तो असा. त्याच्याकडे पाहणेच बंद होते.

दोन आक्षेप

काही बांधव म्हणतील, शब्दांचे काय घेऊन बसलात? औषधे नाहीत, तपासणीचे मशीन बंद आहे, त्याबद्दल बोला. त्याबद्दल बोललेच पाहिजे. पण शब्द आणि औषध वेगळे नाहीत. ‘नॉर्मल’ म्हटले की फाइल बंद होते. पुढची तपासणी होत नाही, हायड्रॉक्सियुरियासारखे उपयोगाचे औषध सुरू करण्याचा विचार होत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे आणि त्यात सिकलसेलचा आजारही आहे. तरीही ‘दिसायला तर नॉर्मल दिसते’ म्हणून रुग्णांना हेलपाटे घालावे लागतात. एका शब्दाने हक्क अडतो, म्हणून शब्दावर भांडायचे.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. आई होणारी बाई सोनोग्राफीच्या खोलीबाहेर येते तेव्हा तिला ‘सर्व नॉर्मल आहे’ एवढेच ऐकायचे असते. तो शब्द ऐकून तिचा जीव भांड्यात पडतो. तो आनंद हिरावून घ्यायचा नाही. मी या शब्दावर बंदी मागत नाही. माझे म्हणणे एवढेच की आकडा नॉर्मल असतो, हृदयाचा ठोका नॉर्मल असतो, फुफ्फुसाचा फोटो नॉर्मल असतो. माणसाला ते लेबल लावू नका, आणि वस्तीला तर मुळीच नाही. ‘तुमचा एक्स-रे नॉर्मल आहे, पण तुम्हाला दुखते आहे, कारण शोधू’ असे म्हणणारा डॉक्टर तोच शब्द वापरूनही आदर देतो.

धम्म काय शिकवतो?

अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये, निरर्थक बोलू नये. ‘तुमच्याकडे हे नॉर्मलच आहे’ या वाक्यात खोटेपणा आहे, कारण तो आजार आहे. कठोरपणाही आहे, कारण ते समोरच्याला हलके लेखते. बाबासाहेबांनी आपल्याला समजावून दिलेला धम्म दुःखाचे अस्तित्व मान्य करतो आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवतो. दुःखाला सवय म्हणून सोडून द्या, असे तो सांगत नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. दुसरे भिक्खू त्याची सेवा करत नव्हते. भगवान बुद्धांनी त्याला आधी विचारले, तुला काय होते आहे? मग विचारले, तुझी काळजी घेणारे कोणी आहे काय? नंतर आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून पलंगावर ठेवले. दवाखान्यात, शिबिरात, घरात हेच दोन प्रश्न आधी विचारले गेले तर किती फरक पडेल!

वाचकांनी काय करावे?

१. रिपोर्ट हातात घेऊन विचारा, “डॉक्टर, नेमका कोणता आकडा नॉर्मल आहे? मागच्या वेळी किती होता?” रिपोर्टची प्रत घरी जपून ठेवा.

२. ‘तुमच्याकडे असेच असते’ असे कोणी म्हटले तर शांतपणे विचारा, “निकष किती आहे? माझ्या मुलीचे तेवढे कधी होईल, आणि त्यासाठी काय करायचे?” हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधायला सांगा आणि पुन्हा तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या.

३. सिकलसेलच्या रुग्णाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा : नेहमीचे हिमोग्लोबिन, नेहमीचा ऑक्सिजन, रक्तगट, चालू औषधे, कोणत्या औषधाने दुखणे थांबते. रात्री नवा डॉक्टर असला की हे पान दाखवा. अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. वारंवार रक्त चढलेले असेल तर अंगात लोह आधीच जास्त असू शकते.

४. १०१ डिग्रीच्या वरचा ताप, छातीत दुखून धाप लागणे, एकदम पांढरे पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला फुगणे, हातपाय किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तर एसएस रुग्णाला त्याच वेळी दवाखान्यात न्या. कोणी नॉर्मल म्हटले तरी हटू नका, वरिष्ठ डॉक्टरांना बोलवायला सांगा. थंडी, पावसात भिजणे, पाणी कमी पिणे आणि अति दमणूक यांपासून रुग्णाला जपा.

५. शिबीर घेणाऱ्या मंडळांनी निकाल माइकवरून सांगू नये. प्रत्येकाला एकट्याला बसवून, बंद पाकिटात द्यावा. रांग एकच ठेवावी.

६. घरात ‘नॉर्मल मूल’ असा शब्द वापरू नका. मुलांना नावे आहेत, त्या नावांनी हाक मारा. ज्याला काही झालेले नाही असे आपण धरून चाललो आहोत, त्यालाही महिन्यातून एकदा जवळ बसवून विचारा, “तुला काय होते आहे?”

धाकटीच्या पोटात जंत निघाले आणि पाळीचा त्रासही होता. दोन्हींवर उपचार झाले. गेल्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन ११.२ आले. ती रिपोर्ट घेऊन माझ्याकडे धावत आली. कागदावर कोणीतरी सवयीने लिहिले होते, ‘जवळजवळ नॉर्मल’. ती हसून म्हणाली, “काकू, अजून बारा व्हायचं आहे.” मी म्हटले, “हो बेटा, बाराच. बंगल्यातल्या पोरीइतकेच.”

जयभीम! नमो बुद्धाय!